ताकियाच्या मापाचे पाणी

लिनुगोस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील तागबाव वस्तीत पाण्याची खोली फुटांत सांगण्याची पद्धत नव्हती. तिथे पाणी घोट्याएवढे असे, गुडघ्याएवढे असे, कमरेएवढे, छातीएवढे किंवा गळ्याएवढे असे. त्यापलीकडचे पाणी होड्यांचे, म्हणजे पुरुषांचे. किनाऱ्यापासून जवळजवळ अर्धा मैल समुद्रात शिरलेले प्रवाळाचे खडप मात्र पूर्णपणे बायकांच्या ताब्यात होते. ओहोटी लागली की करंड्या आणि लोखंडी सळया घेऊन त्या खडपावर जात, शंख, खेकडे, अंगभर काटे असलेले काटेगोळे आणि खाण्याजोगे शेवाळ गोळा करत आणि पाणी चढू लागले की परत येत. घरी आल्यावर कुठे किती पाणी होते हे एकमेकींना सांगितले जाई, आणि ते माप सांगणाऱ्या बाईच्या अंगाचे असे. ऐकणारीला सांगणारी ठाऊक असे, त्यामुळे कमी-अधिक करायचे ते ती मनातल्या मनात करून घेई. ही आकडेमोड इतकी जुनी होती की आपण ती करतो याचाही कोणाला पत्ता नव्हता.

एउस्ताकिया ओम्पाद ही माझ्या आजोबांची धाकटी बहीण. तिला सगळे ताकिया म्हणत. तिची उंची साडेचार फुटांना एक बोट कमी होती. धड चारचौघींसारखे, पाय तेवढे आखूड. त्यामुळे बसलेली ताकिया आणि उभी ताकिया यांत फारसा फरक नसे. एकदा पाद्रींनी प्रार्थनेसाठी सर्वांना उभे राहायला सांगितले आणि तिच्याकडे रोखून पाहिले, तेव्हा तिची चुलतबहीण रुफिना सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "फादर, ती उभीच आहे. याहून जास्त येत नाही तिला." रुफिना वस्तीतली सर्वांत उंच बाई. दोघी पन्नाशीच्या आतबाहेर होत्या आणि रोज एकत्र खडपावर जात.

खडपाची जाणकार म्हणून वस्तीत ताकियाचाच शब्द अखेरचा मानला जाई. त्याचे कारणही तिची उंचीच होती. जो खळगा इतर बायका खांदे भिजवून ओलांडत, त्यात ती बुडाली असती. म्हणून प्रत्येक खळगा तिला लहानपणीच पाठ करावा लागला होता. नवरा खोबऱ्याच्या गलबतावर गेला तो परतलाच नाही. मूल नव्हते. भावाचा मुलगा, म्हणजे माझे वडील, तिने वाढवले. मक्याच्या कण्या, रताळी आणि खारवलेल्या मासळीचा गिनामोस यांखेरीज घरात जे काही शिजे, ते तिने खडपावरून आणलेले असे.

जपानी आले त्या वर्षी त्यांनी बेटावरच्या सगळ्या होड्या गोळा करून शहराच्या धक्क्यावर नेल्या. तागबावच्या दक्षिण टोकाच्या टेकडीवर सात शिपायांची चौकी बसली. तिथली मशीनगन थेट खडपाकडे तोंड करून होती. पुरुषांना समुद्रात पाऊल टाकायला बंदी झाली. बायकांना मात्र गळ्यात शिक्का मारलेली लाकडी चकती घालून खडपावर जाण्याची परवानगी मिळाली, कारण त्यांच्या करंडीतला अर्धा माल चौकीला लागत असे. तीन वर्षे असेच चालले. त्या तीन वर्षांत वाळू कुठे सरकली, कोणता खळगा भरला आणि कोणता नवा झाला, हे एकाही पुरुषाला माहीत राहिले नाही.

पंचेचाळीस सालच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, क्रिसांतो नावाचा तरुण ताकियाच्या घरी आला तो याच कारणाने. तो पलीकडच्या मोठ्या बेटावरचा शाळामास्तर. युद्ध सुरू झाल्यापासून डोंगरातल्या लढणाऱ्यांत सामील झालेला. अमेरिकन सैन्य एकेक बेट सोडवत येत होते, हे सर्वांच्या कानावर होते. लिनुगोसवर ते उतरले तर कुठे उतरतील, याची माहिती गोळा करण्याचे काम मास्तरवर सोपवलेले होते.

त्या दिवशी ताकियाच्या टाचेत काटेगोळ्याचे काटे शिरले होते. काटे विरघळावेत म्हणून माडीच्या शिर्क्याने भरलेल्या वाडग्यात पाय ठेवून ती बसली होती, आणि मास्तर निघून जाईपर्यंत बसूनच राहिली. तो उंच, किडकिडीत आणि अतिशय सभ्य माणूस होता. तो तिला मानांग, म्हणजे मोठी बहीण, म्हणाला. त्याने वही उघडली आणि खडपाचा एकेक भाग विचारत गेला. पूर्ण ओहोटीला बाहेरच्या कडेवर किती पाणी, मधल्या पट्ट्यात किती, भरती निम्मी चढल्यावर किती. ती उत्तरे देत गेली. प्रत्येक गोष्ट तो दोनदा विचारत होता.

"भरती निम्मी चढली की बाहेरच्या कडेवर छातीएवढं. नक्की ना, मानांग?"

"मास्तर, मी त्या पाण्यात तेहेतीस वर्षं उभी आहे. कधी गळ्याला आलं नाही, कधी पोटावर उतरलं नाही. छातीएवढंच."

उंबऱ्यावर शेवाळ निवडत बसलेली रुफिना हसून म्हणाली, "तिचं काय ऐकता? ती डबक्यातसुद्धा बुडेल." मास्तरही हसला. चुलतबहिणींची ही नेहमीची थट्टा असावी असे त्याला वाटले, आणि ती होतीही.

मास्तर काळजीपूर्वक काम करणारा होता. वस्तीतले लोक अंगाच्या मापाने बोलतात हे त्याने आधीच ऐकले होते, म्हणून पट्टी घेऊन त्याने स्वतःच्या शरीरावर मापे काढून ठेवली होती. गुडघा पावणेदोन फूट, कंबर सव्वातीन, छाती सव्वाचार. ताकियाच्या प्रत्येक शब्दापुढे त्याने आकडा लिहिला. तो कागद बांबूच्या नळीत बंद होऊन एका लपवून ठेवलेल्या होडीने मोठ्या बेटावर गेला आणि तिथल्या बिनतारी यंत्रावरून पुढे. वस्तीत ज्याला ज्याला हे ठाऊक होते त्या सर्वांना ताकियाचा अभिमान वाटला. कागदावर तिची कंबर गेली, पण ती कोणाची कंबर हे मात्र गेले नाही, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

मार्चच्या मध्यावर मास्तर पुन्हा आला. खडपाला मधोमध एक चर होता. त्यातून पूर्वी मोठ्या होड्या थेट वाळूपर्यंत येत. त्याची रुंदी कळवा, असा उलट निरोप आला होता, आणि या वेळी ऐकीव माहितीवर न राहता ते स्वतः पाहावे असे मास्तरने ठरवले होते. पुरुषाला खडपावर जाता येत नव्हते. म्हणून रुफिनाचा झगा, डोक्यावर रुंद विणलेली टोपी आणि गळ्यात दुसऱ्या कोणाची तरी चकती, अशा वेशात बारा बायकांच्या घोळक्यात तो निघाला. रुफिनाचा झगासुद्धा त्याच्या पोटऱ्यांपर्यंतच पुरला. वाटेत बायकांनी त्याला सोडले नाही. एकीने, लग्न ठरवायचे असेल तर आपला दीर उंच आहे असे सुचवले. दुसरी म्हणाली की एवढ्या मोठ्या पावलांची बाई चौकीवाल्यांनी पाहिली तर ते शरणच येतील. मास्तर खाली मान घालून चालत होता. काहीही झाले तरी कंबर सरळ करायची नाही, वाकूनच राहायचे, एवढे ताकियाने त्याला बजावले होते.

सकाळची ओहोटी पूर्ण उतरली होती. चर पाहून झाल्यावर ती दोघे बाहेरच्या कडेवर पोचली. अर्धा मैल वाकून चाललेल्या मास्तरची पाठ भरून आली होती. टेकडीकडे पाठ करून तो क्षणभर सरळ उभा राहिला. ताकिया त्याच्या हाताच्या अंतरावर होती. पाणी तिच्या कमरेला लागत होते, नेहमीप्रमाणे. त्याच पाण्याची कड मास्तरच्या मांडीच्या निम्म्यावर होती.

"मास्तर, खाली वाका," ती म्हणाली. तो वाकला. ती मात्र त्याच्या ओल्या झग्यावरच्या रेघेकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "कमरेएवढं म्हणजे तुम्ही कागदावर काय लिहिलंत?"

"सव्वातीन फूट."

"आणि छातीएवढं?"

"सव्वाचार."

"ती माझी छाती होती, मास्तर."

त्याला लगेच उमगले नाही. तिने हातातली सळई पाण्यात उभी केली, पाणी जिथे लागले तिथे बोट धरले आणि ती त्याच्या अंगाला लावून दाखवली. झग्याच्या आत दडवलेली पट्टी मास्तरने पाण्याखालीच सळईला लावली. सव्वादोन फूट. मग तसाच वाकलेला राहून तो हळू आवाजात बोलला. सैनिक भरलेल्या होडीला तरंगायला साडेतीन फूट पाणी लागते. निम्म्या भरतीला कडेवर सव्वाचार फूट पाणी असल्याचे त्याने कळवले होते. प्रत्यक्षात ते सव्वातीनच भरणार होते. होड्या कडेवरच रुतणार होत्या. ताकियाने वळून टेकडीकडे पाहिले. कडेपासून किनाऱ्यापर्यंत अर्धा मैल पाणी होते, आणि त्यातला एकही हात असा नव्हता जो त्या मशीनगनसमोर नव्हता.

तोवर रुफिना जवळ आली होती. काय झाले ते ऐकून ती मास्तरला म्हणाली, "अहो, ताकियाची कंबर म्हणजे कंबर नव्हे, हे आमच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितले नव्हते, कारण ते सांगण्याची वेळ वस्तीत कधी कोणावर आली नव्हती.

पुढचे दोन दिवस बारा बायकांनी पुन्हा सगळे खडप मोजले. मास्तरने पट्टी धरून बारा बांबूंवर फुटाफुटाला खाचा पाडून दिल्या होत्या. खेकडे हुसकायची काठी म्हणून प्रत्येकीने एकेक नेली. कोण कुठे उभी राहणार आणि कोणता आकडा कोणाकडून घ्यायचा, हे ताकियाने ठरवले. एकीचेही माप तिने दुसऱ्यांदा पाहिल्याखेरीज सोडले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर नवा कागद घेऊन उत्तर किनाऱ्याकडे निघाला. जाताना तो म्हणाला की चूक त्याची आहे. विचारणाऱ्याने विचारायला हवे होते. कागद पोचल्याचा निरोप पाठवा, एवढेच ताकियाने सांगितले.

निरोप आला नाही. मास्तरही आला नाही. होडी वाटेत पकडली गेली असे एकाने सांगितले, ती पोचली असे दुसऱ्याने. ताकिया रोज खडपावर जात होती आणि रोज बाहेरच्या कडेवर जाऊन उभी राहत होती, जणू आज तरी पाणी जास्त भरेल. माझ्या आजोबांनी तिला समजावले की सैन्य काही एका बाईच्या शब्दावर येत नसते. ते विमानातून फोटो काढतात, त्यांच्याकडे नकाशे असतात. तिने विचारले की मग ते आपल्याला विचारायला का आले.

रुफिनानेही प्रयत्न करून पाहिला. "त्यांना तू बोलावलंस का?"

"नाही."

"मग झालं तर."

"वाट मी सांगितली, रुफिना. बोलावणारा कुणी का असेना."

गुड फ्रायडेच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी पाद्री शहरातून येऊ शकले नाहीत, तरी लोकांनी विणलेल्या झावळ्या चॅपेलमध्ये नेऊन प्रार्थना केली आणि नेहमीप्रमाणे त्या घराघरांच्या दारांवर टांगल्या. वीज आणि वादळ यांपासून त्या वर्षभर घर राखतात. सोमवारी सकाळी ताकिया दारोदार फिरून त्या झावळ्या मागू लागली. तिचा विचार सरळ होता. येणाऱ्यांच्या हातात कोणता कागद असेल हे तिला कळणार नव्हते. पण त्यांना डोळे असणारच. चराच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून त्यांवर झावळ्या बांधल्या, तर खोल पाणी कुठे आहे हे लांबूनही दिसले असते. चौकीलाही त्यात संशय घेण्याजोगे काही वाटले नसते.

आजोबांनी आपल्या दारावरची झावळी काढायला आधी नकार दिला. वीज पडली तर काय, असे ते म्हणाले.

"विजेला अजून दोन महिने आहेत, मानोय," ती म्हणाली; मोठ्या भावाला ती मानोयच म्हणे. "हे लोक त्याच्या आत येतील."

आजोबांनी झावळी काढून दिली. सोमवार आणि मंगळवार मिळून बायकांनी सव्वीस बांबू रोवले. मंगळवारी एक शिपाई खाली उतरून हे काय आहे म्हणून विचारू लागला. रुफिनाने त्याला अत्यंत गंभीरपणे सांगितले की या आठवड्यात आमचा देव समुद्रातून येतो आणि त्याला रस्ता दाखवावा लागतो. असा काही समज आमच्यात नाही. शिपायाने एका बांबूला हात लावून पाहिला, करंडीतले चार खेकडे घेतले आणि तो परत गेला.

बुधवारी विमानातून चिठ्ठ्या पडल्या: किनारा सोडा, डोंगरात जा. दुपारपर्यंत डुकरे, कोंबड्या आणि मक्याची पोती घेऊन वस्ती रिकामी झाली. ताकियाने माझ्या वडिलांना आजोबांबरोबर पाठवून दिले आणि स्वतः मागे राहिली. रुफिना तिच्यासाठी राहिली, पण सांगताना तिने आपल्या गाभण डुकरिणीला चालवत नाही असे कारण सांगितले. वाळूच्या मागे माडांच्या बागेत पाण्यासाठी खणलेला एक कोरडा चौकोनी खड्डा होता. त्यात दोघी बसल्या.

गुरुवारी उजाडताच क्षितिजावर जहाजे दिसली. तोफांनी आधी टेकडी झोडपली. तासाभराने तिथले गवत पेटले आणि धूर खाली समुद्रावर उतरू लागला. भरती चढत होती, पण निम्मीही झाली नव्हती. ताकिया पाण्याकडे न पाहता, वाळूवर ओलीची कड कुठे पोचली आहे ते पाहून वेळ सांगत होती.

होड्या निघाल्या. पहिली रांग रुंद पसरून आली. ती चराकडे वळली नाही. सरळ खडपाच्या कडेवर, सगळ्यात उथळ जागी आली. ताकिया खड्ड्याच्या काठावर कोपर टेकून पाहत होती. तिने एवढेच म्हटले की पहिला कागद आहे, आणि ती खाली बसली. पुढचे तिने पाहिले नाही. ते रुफिनाने पाहिले. कडेला लागल्यावर त्या होड्या थांबल्या नाहीत. त्यांची नाके वर उचलली गेली, अंगावरून पाणी ओघळले आणि समुद्रातून वर येणाऱ्या कासवांसारख्या त्या प्रवाळावर चढून चालू लागल्या. त्यांना खाली लोखंडी पट्टे होते.

"ऊठ," रुफिना म्हणाली, "त्यांना पाय आहेत."

ताकिया उठली. पट्ट्यांच्या गाड्या खडप तुडवत वाळूकडे येत होत्या. त्यांच्या मागच्या, सपाट तोंडाच्या साध्या होड्या मात्र एकामागे एक अशा चरात शिरत होत्या, दोन्ही बाजूंच्या झावळ्यांच्या मधून. कागद पोचला होता.

तीन होड्या वाळूला लागल्या. चौथी येईपर्यंत टेकडीवरचा धूर चरावर पसरला होता, आणि वळणावरचे चार बांबू मघाशी चुकून पडलेल्या एका तोफगोळ्याने उडवले होते. होडी वळणाच्या आधीच उजवीकडे गेली आणि प्रवाळावर चढून अडकली. किनाऱ्यापासून ती तीनशे पावलांवर होती. टेकडीवरची मशीनगन, जी बंद पडली असे वाटत होते, ती पुन्हा सुरू झाली. गोळ्यांनी होडीच्या आसपास पाणी उडू लागले. होडीचे पुढचे दार पडले. पहिला सैनिक पाठीवरच्या ओझ्यासकट डावीकडे उतरला आणि दिसेनासा झाला. त्या जागी बायका ज्याला रेड्याचा खळगा म्हणत तो होता, दोन पुरुष खोल. इतरांनी त्याला पट्ट्याला धरून वर ओढले. त्यानंतर एकही जण दाराच्या बाहेर पाऊल टाकेना.

ताकिया खड्ड्यातून बाहेर पडली आणि पाण्यात शिरली. रुफिना तिच्या मागे गेली. धावता येईल एवढे उथळ पाणी सुरुवातीच्या पन्नास पावलांपुरतेच होते. पुढे दोघी चालत गेल्या. होडीच्या उजव्या बाजूला प्रवाळाची एक पक्की फरशी होती. ताकिया तिच्यावर, दारापासून दहा हातांवर जाऊन उभी राहिली. पाणी तिच्या छातीला होते. लाट आली की हनुवटीपर्यंत चढत होते. सैनिकांना पाण्यावर तरंगणारी एक टोपी आणि तिच्याखाली एक चेहरा दिसला. ते तिला हातांनी मागे जाण्याच्या खुणा करू लागले. त्यांच्या समजुतीने ती बुडत होती.

क्रिसांतो मास्तर त्याच होडीत मागच्या बाजूला होता. वाट दाखवायला म्हणून त्याला बरोबर आणले होते. तो इतरांना बाजूला सारत पुढे आला. त्याने तिला पाहिले आणि शेजारच्या सार्जंटला सांगितले की ही बाई जिथे उभी आहे तिथे उतरायचे. सार्जंट म्हणाला की तिथे तर तिच्या छातीच्या वर पाणी आहे. त्यावर मास्तर जे बोलला ते पुढे अनेक वर्षे तो आमच्या घरी येऊन सांगत असे, आणि दर वेळी अगदी तसेच सांगत असे: "ती ताकिया आहे. तिच्या छातीएवढं म्हणजे तुमच्या कमरेएवढं."

सार्जंटला ते पटले नाही. मास्तरने उडी मारली. पाणी त्याच्या कमरेला लागले.

मग ते उतरू लागले. रुफिना रेड्याच्या खळग्याच्या काठावर हात पसरून उभी राहिली, त्या बाजूला कोणी जाऊ नये म्हणून. ताकिया पुढे चालत गेली. जिथे वळायचे तिथे थांबायची आणि मागचा पोचला की पुढच्या वळणाकडे निघायची. एकतीस माणसे तिच्यामागे किनाऱ्याला आली. एकाच्या खांद्याला गोळी लागली, एकाची बंदूक पाण्यात गेली. मशीनगन पुन्हा बंद पडली आणि दुपारच्या आत टेकडीवर दुसरा झेंडा दिसू लागला. शहर घ्यायला त्यांना आणखी नऊ दिवस लागले, पण ती हकिगत तागबावची नाही.

संध्याकाळी मास्तर तिच्या घरी आला. तिने त्याला उकडलेली रताळी दिली. डुकरिणीला खरोखरच आठ पिल्ले झाली होती आणि रुफिना तिकडे गुंतली होती. मास्तरने सांगितले की पट्ट्यांच्या गाड्या आणल्या त्या नव्या कागदामुळेच. त्या दुसऱ्या बेटावर जायच्या होत्या, त्या इकडे वळवल्या.

"म्हणजे कागद दोन्ही पोचले."

"दोन्ही. दुसरा उशिरा."

"पहिल्याचं काय केलं?"

"फाडून टाकला असेल."

"तुम्ही पाहिलंत?"

मास्तर खोटे बोलणारा नव्हता. "नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. त्या दिवशी आमच्याकडे कोणी पाण्यात उतरत नाही. अंघोळसुद्धा करत नाही. खडपावर जाणे तर कोणाच्या मनातही येत नाही. ताकिया सकाळीच खाचा पाडलेला बांबू घेऊन निघाली. अडकलेली होडी अजून तिथेच होती आणि तिला ओढून काढण्यासाठी दुसरी होडी येणार होती. डोंगरातून परतलेले लोक वाळूवर उभे राहून पाहत होते. एक-दोघींनी क्रूसाची खूण केली, पण तिला हाक कोणी मारली नाही. तिने त्या होडीभोवती चारही बाजूंनी पाणी मोजले. मग चर तोंडापासून वळणापर्यंत मोजला. पडलेल्या चार बांबूंच्या जागी नवे रोवले. दोन तासांनी ती परत आली आणि मास्तरला तिने वही उघडायला सांगितली.

एकेक आकडा तिने फुटांत सांगितला. त्याने लिहिले. लिहून झाल्यावर सगळे वाचून दाखवा, असे ती म्हणाली, आणि त्याने वाचून दाखवले. मग वही मिटू न देता तिने तो कागद फाडून घेतला, आणि होडी काढायला आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात तो स्वतः नेऊन दिला.